वारा आपल्या खात्यात येत नाही

हा रस्ता मला माझ्या गुडघ्यासारखा ठाऊक आहे,
कुठे दुखतो, कधी दुखतो.
नोव्हेंबर ते एप्रिल मी त्याच्यावरचा बर्फ ढकलते
पहाटे चारला, थर्मास मांडीत धरून.
म्हणून कचेरीतून फोन आला,
"आस्लौग, शर्यतीचा तिसरा टप्पा तुझ्याकडे.
एकशे बहात्तर किलोमीटर. सगळं पाहा, लिहून पाठव,"
तेव्हा हसूच आलं.

तरी लिहिलं.
नऊ: मेंढ्यांसाठीची लोखंडी जाळी. फळ्यांनी झाकावी.
एकतीस: बोगदा. चार दिवे गेलेले, छत गळतं.
अठ्ठावन्न: ओड्लाइफच्या कोठारासमोरचा खड्डा.
(दरवर्षी भरते. दरवर्षी माहेरी आल्यासारखा परत येतो.)
त्र्याण्णव: चढ सुरू. साडेचार किलोमीटर.
एकशे अठरा: पूल. इथे वारा.
नैर्ऋत्येकडून आला तर पिसं काढतो.

उत्तर आलं: बाकी ठीक,
वारा आपल्या खात्यात येत नाही.

रेडिओवरचे जाणकार आठवडाभर चढाबद्दलच बोलत होते.
तो लहानखुरा इटालियन तिथे सगळ्यांना सोडून जाईल म्हणे.
दुकानात पैजा लागल्या, वाळवलेल्या माशांच्या, रोख नाही.
मारेत दूध घ्यायला आली होती, ती एवढंच म्हणाली,
"माझी रेनडिअर काल रात्रीच डोंगराच्या आडोशाला गेली."
आणि सुटे पैसे मोजत राहिली.

ऑगस्ट. रात्र नुकतीच परत येऊ लागलेली,
दाराशीच घुटमळणाऱ्या पाहुणीसारखी.
मासे वाळवायच्या लाकडी मांडवांवर
मुलांनी जुन्या सायकली टांगल्या होत्या, शेपटीकडून.
शाळेच्या बँडमध्ये तीन ट्रम्पेट, दोन बेसूर.
मी पुलाच्या तोंडाशी, हातात पिवळा झेंडा.

आधी हेलिकॉप्टर, त्यावर चिडलेले सीगल,
मग तो आवाज,
शंभर गळांची रिळं एकदम सुटल्यासारखा.
आणि ते आले.
चढावर काहीच झालं नव्हतं, सगळे एकगठ्ठा.
पुलावर पहिला झोत बसला
आणि गठ्ठा तिरका झाला,
जो तो दुसऱ्याच्या कमरेआड जागा शोधू लागला,
जागा संपली, रस्ता संपला, कठड्याला खांदे घासले,
आणि मधूनच टर्रकन फाटला.
इटालियन तिसऱ्या तुकड्यात होता, तोंड उघडं,
समुद्राकडे असं पाहत की त्यानेच दगा दिला.
सगळं मिळून चाळीस सेकंद.
माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "एवढंच?"

मोटारी गेल्या. खुर्च्या मिटल्या.
मग अकरा मिनिटांनी एकटाच एक,
क्रमांक एकशे सत्तेचाळीस, ढोपर सोललेलं.
मोडक्या इंग्रजीत ओरडला, "किती?"
"चोपन्न," मी म्हटलं.
त्याचा चेहरा पाहून राहवलं नाही,
झेंडा बगलेत मारून चार पावलं त्याच्यासोबत धावले,
माझ्या वयात, रबरी बुटांत,
"चर्चपासून वळण आहे! मग वारा पाठीवर! पाठीवर!"
कळलं की नाही, देव जाणे.
त्याने मान हलवली, किंवा वाऱ्याने हलवली.

संध्याकाळी निकाल लावला तेव्हा
मी यादी खालून वाचायला घेतली.
शेवटून पहिलं नाव त्याचं, तावारेस.
वेळेची मर्यादा चार सेकंदांनी गाठलेली.
कोण जिंकलं ते ओड्लाइफने दुसऱ्या दिवशी सांगितलं,
मी विसरले.
चौथ्या टप्प्याला मात्र रेडिओ कानाशी धरून बसले,
त्याचं नाव कुणी घेतलं नाही.
याचा अर्थ तो पडला नव्हता, एवढं मला समजतं.

आता परत शांत.
पुलावर कुणी रंगवलेली पांढरी अक्षरं
ऑक्टोबरात माझ्या फाळाखाली जातील.
कचेरीला शेवटचा अहवाल पाठवला:
फळ्या काढल्या. झेंडे मोजून परत.
अठ्ठावन्नाव्या किलोमीटरचा खड्डा पुन्हा दिसायला लागलाय.